फोडणी, अलार्म आणि लायब्ररीचं कार्ड

या वेळी इनबॉक्स उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर. लग्न करून किंवा नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशी गेलेल्या मुली, इकडे काळजी करत बसलेली एक आई, आणि एक कॉलेजातली चौकस पोरगी. सगळ्यांना उत्तरं द्यायची तर अख्खा अंक लागेल आणि संपादकीणबाई मला हाकलून देतील, म्हणून सहाच घेतलीयेत. नावं कुणाचीच छापत नाही. मी स्वतः १९९४च्या जानेवारीत सांगलीहून न्यू जर्सीला आले ती इथलीच झाले, त्यामुळे अमेरिकेचं जरा जास्त बोलते, सांभाळून घ्या.

मावशी, मला न्यू जर्सीत एडिसनला येऊन आठ महिने झाले. पुण्यात हिंजवडीला टेस्टिंगमध्ये पाच वर्षं नोकरी केली, इथे एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या मागून मिळणाऱ्या बायकोच्या व्हिसावर आहे म्हणून काम करता येत नाही. नवरा चांगलाय, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही, पण तो साडेसातला गेला की संध्याकाळपर्यंत मी आणि फ्रीजचा आवाज. शनिवारी ओक ट्री रोडला जाऊन भाजी आणायची, देवळात जायचं, परत. आई व्हिडिओ कॉलवर विचारते कशी आहेस, मी मस्त म्हणते आणि फोन ठेवून रडते. घर छान लावलंय पण माझं वाटतच नाही. मैत्रिणी म्हणतात चकल्या-पोळ्यांचे डबे सुरू कर. मी उगाच नाटकं करतेय का?

नाटकं कसली गं. पाच वर्षं स्वतःच्या पगाराची सवय, आणि एका विमानप्रवासात तुझं सरकारी नावच 'डिपेंडंट' झालं, मग रडू नाही येणार तर काय. माझं सांगते, म्हणजे तुला जरा हसू येईल.

मी आले त्याच्या पुढच्याच महिन्यातली गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट, खिडक्या सगळ्या गच्च बंद कारण बाहेर बर्फ. आमटीला फोडणी करत होते. मोहरी तडतडली, लाल मिरच्या टाकल्या, ठसका आला, आणि डोक्यावर जे काही किंचाळायला लागलं ते काय आहे हेच मला कळेना. मी टॉवेलने वारा घालतेय तोवर अख्ख्या बिल्डिंगचा अलार्म सुरू. सगळे जिने उतरून खाली, बर्फात, आणि मी गाऊनवर, वर नवऱ्याचा स्वेटर, पायात सपाता. फायर ब्रिगेडची गाडी आली, ते उंचच्या उंच पुरुष बूट वाजवत वर गेले आणि खाली येऊन म्हणाले की काही नाही, कुणीतरी स्वयंपाक करत होतं. सगळ्या बिल्डिंगने माझ्याकडे बघितलं. बघणारच, हिंगाचा वास माझ्याच अंगाला येत होता.

तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या एका कोरियन बाईने, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी असेल, स्वतःचा कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला. बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मी कोट परत द्यायला गेले, सोबत डब्यात गुळाच्या पोळ्या. तिने मला सरळ किचनमध्ये नेलं, खिडकी उघडून दाखवली, मग पंखा लावून दाखवला, मग कढईकडे बोट केलं. आधी खिडकी, मग पंखा, मग तेल. तिच्या तळलेल्या माशांनी पण एकदा फायर ब्रिगेड आणली होती हे मला नंतर कळलं. आजही माझा हात आधी खिडकीकडे जातो, आणि आता तर माझा मुलगा पण तसंच करतो, त्याला वाटतं ही सांगलीची पद्धत आहे.

तर या बाईने मला पब्लिक लायब्ररीत नेलं, तिथे इंग्रजी बोलायचा फुकट क्लास असायचा. मला आधी जरा अपमानच वाटला, कारण मी एमेस्सी आणि कागदावरचं माझं इंग्रजी उत्तम, पण फोनवर कुणी बोललं की तोंडातून शब्द फुटायचा नाही ही पण खरीच गोष्ट. क्लासमध्ये कोरियाच्या, तैवानच्या, व्हिएतनामच्या बायका, एक पेरूची. शिकवणाऱ्या रिटायर्ड शाळामास्तरीण. तिथे कार्ड करायला गेले तर काउंटरवरची बाई म्हणाली तुमच्या नावाने, या पत्त्यावर आलेलं काहीतरी दाखवा. लाइटबिल, फोनबिल, बँकेचं पत्र, काहीही. माझ्या नावाचं काहीच नव्हतं! घरात येणारं प्रत्येक पाकीट नवऱ्याच्या नावाचं. माझा चेहरा बघून ती म्हणाली थांबा, आणि तिने एका पोस्टकार्डावर माझं नाव-पत्ता लिहिला आणि म्हणाली हे मी पोस्टाने पाठवते, आलं की घेऊन या, तोच पुरावा. तीन दिवसांनी नवरा पेटीतून टपाल घेऊन आला आणि म्हणाला, अगं तुला पत्र आलंय. त्या कार्डावर मजकूर काहीही नव्हता बरं का, नुसतं माझं नाव. मी ते लायब्ररीत देऊन टाकलं, ठेवून घ्यायला हवं होतं असं अजून वाटतं.

म्हणून तुला विचारते, त्या छान लावलेल्या घरात तुझ्या नावाचं काय काय आहे? घरभाड्याच्या करारात तुझं नाव घाल. बँकेत जॉइंट खातं आणि तुझं स्वतःचं डेबिट कार्ड, आणि पासवर्ड तुला पाठ. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तर टॅक्ससाठी आयटिन नंबर मिळतो, जॉइंट रिटर्न भरताना त्याचा अर्ज जोडता येतो. लायसन्स काढ, सोशल सिक्युरिटी नसली तरी मिळतं, कागदपत्रं कुठली लागतात ते मोटार व्हेइकलच्या साइटवर बघ. न्यू जर्सीत गाडी येत नसेल तर बाई म्हणजे पार्सल आहे, कुणीतरी उचलून नेईल तेव्हा हलणार. आणि शिकायला नवऱ्याकडून शिकू नकोस, पैसे देऊन क्लासवाल्याकडून शिक, संसार वाचतो.

आता कामाचं. एच-४वाल्यांना वर्क परमिट मिळण्याचा नियम २६ मे २०१५ पासून आहे, पण सरसकट नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेमुळे त्याला त्याचा नोकरीचा व्हिसा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवून मिळालेला हवा. त्याची गाडी कुठवर आलीये ते त्याला आजच विचार, 'एचआर बघतंय' हे उत्तर चालवून घेऊ नकोस. परमिट नसेल तोवर शिकता मात्र येतं, कम्युनिटी कॉलेजात फी बरी असते. डब्यांचं म्हणशील तर नको. पैसे घेऊन चकल्या विकणं हे पण काम धरलं जातं, आणि फोनवरून आलेल्या पैशांची नोंद राहते. पुण्याच्या कंपनीचं काम इथे बसून रुपयात करणं हे पण इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय नको, कितीही जणी करत असल्या तरी. मैत्रिणी सल्ला देतात, व्हिसा तुझा जातो.

आणि रडण्याचं. अधूनमधून असेल तर ठीक, पण दोन आठवडे सलग झोप उडाली, जेवण जाईना, उठावंसंच वाटेना झालं तर डॉक्टरला सांग. अगदीच जीव नकोसा झाला तर ९८८ या नंबरवर फोन किंवा मेसेज कर, रात्री-बेरात्री कधीही. आईला मस्त म्हणू नकोस, 'आज बरी नाही' म्हण. त्या घाबरतील दोन दिवस, घाबरू देत.

मी पुढच्या महिन्यात टेक्सासला सासरी-कम-नवऱ्याकडे जातेय, २३ किलोच्या दोन बॅगा. आईने अर्ध्या बॅगेत कुकर, कढई, पोळपाट भरलंय. काय न्यावं?

पोळपाट काढ. पटेल ब्रदर्स हे देशी किराणा दुकान १९७४ला शिकागोत डेव्हन अव्हेन्यूवर सुरू झालं तेव्हापासून पोळपाट आणि तूरडाळ इथे मिळते. गोल बुडाची कढई पण काढ, इथल्या बऱ्याच शेगड्या विजेच्या आणि सपाट, त्यावर ती नाचते. मिक्सर आणूच नकोस, इथे वीज ११०-१२० व्होल्टची, आपला २२० चा मिक्सर चटणी वाटायच्या ऐवजी नुसता घुरघुरतो. इथल्या दुकानात ११० वाला मिळतो.

घरचा गोडा मसाला, चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकाचा साचा घे. ओला कढीपत्ता आणि रोपं अजिबात नको, लिंबूवर्गीय झाडांवर रोग पसरवणारा किडा त्याच्यासोबत येतो म्हणून इथे त्यावर फार कडक आहेत. खाण्याचं जे नेशील ते फॉर्मवर किंवा विचारल्यावर 'आहे' म्हणून सांग, लपवलं की दंड. चष्म्याच्या दोन जोड्या, कारण इथे चष्म्याच्या किमतीत आपल्याकडे फ्रिज येतो (जरा वाढवून सांगितलं, पण फार नाही). दात तिकडेच तपासून ये.

आणि हँडबॅगेत, चेक-इनमध्ये नाही, मॅरेज सर्टिफिकेट, जन्माचा दाखला, सगळ्या मार्कलिस्ट, अनुभवाची पत्रं, लसींची नोंद. युनिव्हर्सिटीची सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट आत्ताच काढून घे, नंतर बाबांना खेटे घालायला लावशील. साड्या दोन बास.

आम्ही म्युनिकला आहोत. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दारावर चिठ्ठी चिकटवली, रविवारी आमच्या घरातून आवाज येतो म्हणून. मी रविवारीच इडलीचं पीठ वाटते! वासाबद्दल पण बोलले. मला इतकं लाजल्यासारखं झालं. दुसरं म्हणजे मी डेंटिस्ट आहे, सहा वर्षं प्रॅक्टिस केलीये, इथे सगळे म्हणतात विसर.

माझी भाची स्टुटगार्टला असते, तिला विचारूनच लिहितेय. चिठ्ठी आली म्हणजे ते तुमच्यावर उठलेत असं नाही, जर्मनीत चिठ्ठी चिकटवणं हे बोलण्यासारखंच असतं. तिथे रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता पाळतात, ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या त्या मोठ्या डब्यात टाकायला पण जायचं नाही. तुझा ग्राइंडर शनिवारी दुपारी चालव, खाली जाड टॉवेल घाल. भाची कुकर रविवारी लावतच नाही, मोकळ्या भांड्यात भात करते, आणि आता म्हणते तोच बरा लागतो.

वासासाठी लाजू नकोस, पण खिडक्या उघड. त्यांचा तो ल्युफ्टन प्रकार असतो ना, थंडीत सुद्धा दिवसातून दोनतीनदा खिडक्या सताड उघडून पाचदहा मिनिटं हवा खेळवायची, तो बऱ्याच भाडेकरारात लिहिलेला असतो कारण नाहीतर भिंतींना बुरशी येते. फोडणी झाली की ल्युफ्टन, आजोबांच्याच भाषेत उत्तर. आणि एकदा चिठ्ठीच्या उत्तरादाखल चिठ्ठी आणि सोबत थोडे लाडू. भाचीच्या शेजारणीने लाडवाचा डबा परत करताना त्यात केक घातला होता. सगळीकडे असंच होईल असं नाही हं, एका घरी डबा रिकामाच परत आला, घासून मात्र चकाचक.

दाताचं अजिबात विसरू नकोस. जर्मनीत तू अमेरिकेतल्या एच-४वालीपेक्षा फार बऱ्या जागी आहेस, कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला तिथे साधारण पहिल्या दिवसापासून काम करता येतं, तुझ्या रेसिडेन्स कार्डावर लिहिलेलं असेल बघ. फक्त डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स हे धंदे तिथे सरकारी मान्यतेशिवाय करता येत नाहीत. त्याला अप्रोबात्सिओन म्हणतात. तुझी डिग्री त्यांच्याशी जुळते का ते तपासतात, कमी पडलं तर ज्ञानाची परीक्षा, आणि व्यवसायाच्या भाषेची वेगळी परीक्षा, ती सी-१ पातळीची. म्हणजे पेशंटला 'दुखतंय का' एवढं येऊन भागणार नाही. दोनतीन वर्षं धरून चाल. इंटिग्रेशन कोर्समध्ये ६०० तास भाषा आणि १०० तास त्यांचे कायदे-इतिहास असतं, तो बी-१ पर्यंत नेतो, पुढचं शहराच्या फोल्क्सहोखशूलेमध्ये, म्हणजे मोठ्यांसाठीच्या शाळेत, स्वस्तात होतं. मधल्या काळात कुणा डेंटिस्टकडे असिस्टंट म्हणून लाग, पगार कमी पण जर्मन दाताचीच शिकशील. आपल्याकडची डॉक्टरीण असिस्टंट होणार म्हणून सासरी कुजबुज होईल, ती रविवारी सुद्धा चालते, त्याला ल्युफ्टन नाही.

मी साताऱ्याला टीवायला आहे, इतिहास घेतलाय. आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या हे माहितीये, पण आपल्या आशियातल्या साध्या बायका, म्हणजे डॉक्टर व्हायला नाही तर नुसत्या संसार करायला, त्या तिकडे पहिल्यांदा कशा गेल्या?

वा! हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, सगळ्यांना चकलीच हवी असते.

आनंदीबाईंपासून सुरू करू, कारण त्यांचं पहिलं बिऱ्हाड माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर होतं. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, १८ वर्षांच्या, नवरा सोबत नाही, आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटरने त्यांना घरी ठेवून घेतलं. या बाईने दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत एक मिशनरी मासिक चाळलं होतं, त्यात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि आपणहून लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. म्हणजे बघ, परक्या गावात मावशी शोधायची पद्धत आपल्याकडे तेव्हापासूनची आहे, मी काही पहिली नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात आणि तिथली थंडी हाडात शिरते, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला घेतली, पण साडी सोडली नाही. मार्च १८८६ला डॉक्टर झाल्या, फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला आहेत. आम्ही दोनदा जाऊन आलो.

पण तू म्हणतेस त्या संसारी बायकांसाठी दरवाजा जवळजवळ बंदच होता. १८७५चा पेज कायदा, वरवर बघितलं तर वेश्याव्यवसायासाठी आणलेल्या बायका रोखायला, पण अधिकारी प्रत्येक चिनी बाईकडे त्याच संशयाने बघायचे, इतके प्रश्न विचारायचे की नवऱ्याकडे निघालेल्या बायका पण यायच्या थांबल्या. चायनाटाउन म्हणजे वर्षानुवर्षं पुरुषांचीच वस्ती राहिली त्याचं हे मोठं कारण.

जपानचं वेगळं. १९०७-०८च्या करारात मजूर बंद झाले पण आधीच गेलेल्यांच्या बायकांना जाता येत होतं. मग काय, फोटोवरून लग्नं! मुलगा कॅलिफोर्नियात किंवा हवाईत शेतावर, मुलगी जपानात, दोन्हीकडून फोटो, तिकडे गावात लग्न लागायचं आणि नवरी बोटीतून उतरून धक्क्यावर हातातला फोटो आणि समोरचा माणूस जुळवून बघायची. कित्येकांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो पाठवलेला, किंवा उसना सूट घालून काढलेला. (विवाह मंडळाच्या साइटवरचे फोटो आठवले तर तो योगायोग समजू नये.) कोरियातून पण अशा मुली गेल्या. १९२० मध्ये जपानने अमेरिकेच्या मुख्य भूमीसाठी अशा फोटोवरून लग्न झालेल्या मुलींना पासपोर्ट देणं बंद केलं.

आणि आपल्या देशातली एक बाई तुला माहीत असलीच पाहिजे, कला बगई. १९१५ मध्ये नवरा वैष्णोदास आणि तीन मुलांसोबत सॅन फ्रान्सिस्कोला आल्या. इंग्रजी येत नव्हतं. तिथल्या पेपरने बातमी कशाची छापली, तर त्यांच्या नाकातल्या चमकीची, नवी फॅशन आली म्हणून! पुढे या कुटुंबाने बर्कलीत घर घेतलं. सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेलं, आत येऊ नयेत म्हणून. स्वतःच्या पैशाने घेतलेलं घर आणि बाहेरून दुसऱ्याचं कुलूप. कला म्हणाल्या, असल्या शेजारात मला राहायचंच नाही, आणि ते परत फिरले. मग १९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणजे नागरिक होऊ शकत नाही. वैष्णोदासांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं गेलं, त्यापाठोपाठ दुकान, मालमत्ता. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कला तीन मुलांसकट परक्या देशात. त्यांनी मुलांना कॉलेज शिकवलं, स्वतः शाळेत जाऊन शिकल्या, पुन्हा लग्न केलं, १९४६च्या कायद्यानंतर भारतीयांना नागरिक होता यायला लागलं तेव्हा त्याही झाल्या, आणि पुढे लॉस एंजेलिसकडच्या भारतीयांच्या घरोघरीच्या थोरल्या बाई झाल्या. १९८३ला वारल्या. ज्या बर्कलीत कुलूप लावलं होतं तिथेच, गावाच्या मध्यावर, आता एका रस्त्याला कला बगई वे असं नाव आहे. हा ठराव २०२० मध्ये झाला.

१९४६च्या त्या कायद्यात भारताचा कोटा किती, तर वर्षाला १००. एका एसटीत उभे धरून बसतील तेवढे. खरं दार उघडलं ते १९६५च्या कायद्याने, मग डॉक्टर, इंजिनियर, नर्सेस, आणि त्यांच्यामागून आम्ही सगळ्या पुरणयंत्र घेऊन. तुझ्या प्रोजेक्टला कला बगई घे, आनंदीबाई सगळे घेतात.

माझी मुलगी लग्न होऊन दोन वर्षं न्यू जर्सीत आहे. पूर्वी तासतास बोलायची, आता फोन पाच मिनिटं आणि तो पण स्पीकरवर, जावई शेजारी. पासपोर्ट 'ते सांभाळतात' म्हणाली. बँक कार्ड नाही. मारहाण विचारली तर विषय बदलते. मी नाशिकला, हार्टचा त्रास आहे, जाऊ शकत नाही. लोक म्हणतात ढवळाढवळ करू नका.

ताई, ढवळाढवळ करा. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी, स्पीकर, पासपोर्ट आणि कार्ड, या एकत्र आल्या की मला काळजी वाटते. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, पासपोर्टातच छापलेलं आहे, तो नवऱ्याने 'सांभाळण्याचा' प्रश्नच येत नाही. दडवला किंवा फाडला तर न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटमधून दुसरा काढता येतो.

आधी मात्र जावयाशी थेट भांडू नका, त्याचा राग तिच्यावर निघेल. तिच्याशी एक साधा शब्द ठरवा, ती एकटी सापडेल तेव्हा. माझ्या ओळखीत एकीने 'मेथीचे लाडू' ठरवला होता, लाडू पाठवू का विचारलं आणि ती हो म्हणाली की समजायचं ती धोक्यात आहे. तिचा पूर्ण पत्ता, अपार्टमेंट नंबरसकट, तुमच्याकडे लिहून ठेवा, आणि त्या गावच्या पोलीस स्टेशनचा साधा फोन नंबर शोधून ठेवा, कारण ९११ नाशिकहून लागत नाही. तिच्या पासपोर्ट, व्हिसा, लग्नाच्या दाखल्याचे जुने फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असतीलच, ते एका जागी आणा.

न्यू जर्सीत मानवी नावाची संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठीच काम करते, न्यूयॉर्कला सखी आहे, १९८९ पासूनची. त्यांना आपली सासरं, आपली 'लोक काय म्हणतील' वगैरे समजावून सांगावं लागत नाही. तिला जमेल तेव्हा १-८००-७९९-७२३३ हा देशभराचा नंबर आहे, दुभाषी मिळतो. शक्य असेल तर लायब्ररीच्या किंवा दुकानाच्या फोनवरून करायला सांगा, घरच्या मोबाइलचं बिल कोण बघतं ते माहीत नाही ना.

तिला बहुतेक सांगितलं असेल की मला सोडलंस तर तुला देशाबाहेर काढतील. ही धमकी आम्ही तीस वर्षं ऐकतोय. एच-४वरच्या, नवऱ्याच्या छळाला बळी पडलेल्या बायकोला स्वतःच्या नावाने वर्क परमिट मागायची तरतूद आहे, त्याचा वेगळा फॉर्म आहे, आणि परिस्थितीप्रमाणे इतरही वाटा असतात. हे अशा संस्थांकडचे वकील बघतात. फोनवर ती गप्प राहिली तरी फोन बंद करू नका, पाच मिनिटं तर पाच मिनिटं. आणि तुमचं पत्र मी उत्तरासाठी वेगळं ठेवलंय, मला परत लिहा.

कॅल्गरीहून लिहितेय, प्रश्न अगदीच फालतू आहे. उणे पंचवीस बाहेर, आणि दही लागतच नाही! दुकानातलं दही खाऊन कंटाळले. आईचं दही कसं लागायचं कोण जाणे.

फालतू नाही, या अंकातला सगळ्यात सोपा आहे म्हणून शेवटी ठेवला. आईला आपल्याकडची उबदार हवा आयती होती, तुला ती विकत घ्यावी लागणार. फुल फॅट दूध उकळ, बोट बुडवून दहापर्यंत मोजता येईल इतपत कोमट होऊ दे. विरजणाला दुकानातलं साधं दही चालतं, फक्त डब्यावर जिवंत कल्चर असल्याचं लिहिलेलं हवं आणि त्यात साखर-जिलेटिन नको. दोन कप दुधाला एक चमचा, छान घुसळून. मग भांडं ओव्हनमध्ये, ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. त्या दिव्याची ऊब पुरते. दिवा जुन्या पद्धतीचा बल्ब हवा, एलईडी असेल तर गरम होत नाही, मग पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून हीटरच्या जवळ. थंडीत आठ-दहा तास धर, मधेच उघडून हलवून बघू नकोस.

आणि ओव्हनच्या दारावर चिठ्ठी लाव, 'आत दही आहे'. आमच्याकडे नवऱ्याने पिझ्झासाठी ओव्हन ४२५ डिग्रीवर तापवायला लावला, आत माझं दही, वर प्लास्टिकचं झाकण. तेव्हाही अलार्म वाजला होता.